तुझ्या ‘दगड झालोय’ला उत्तर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मंगळवारी आलं, आज रविवार. मधले दिवस मनातल्या मनात उत्तर लिहीत होतो आणि खोडत होतो. ‘आईचं सगळं वेळेवर करतो, पण आत काही हलत नाही. मी दगड झालोय.’ आणि त्याखाली, ‘वर लोक सांगतात, कृतज्ञ राहा.’ या शेवटच्या ओळीला मी हसलो, माफ कर. अगदी तुझा तिरकसपणा. म्हणजे दगड पुरता झालेला नाही.

उपदेश करायला मला तोंड नाही. माझं काय झालं तेवढं सांगतो.

बाबा गेल्यावर दादाशी माझं बोलणं तुटलं, ते तुला ठाऊकच आहे. घर त्याने मला न विचारता विकायला काढलं होतं. चार वर्षं एकमेकांना फोन नाही. त्याच काळात मी ध्यानाला बसायला लागलो आणि उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात मैत्रीभावनेसाठी, म्हणजे एखाद्याला मनासमोर आणून त्याचं भलं चिंतायच्या सरावासाठी, थेट दादालाच समोर घेतलं. ‘तो सुखी असो.’ तिसऱ्यांदा म्हणताना लक्षात आलं, माझे दात एकमेकांवर करकचून बसलेत. दहा मिनिटांनी उठलो तो बसताना होतो त्याहून जास्त चिडलेला. मग महिनाभर आसन गुंडाळून कोपऱ्यात.

पुढे वाचनात आलं की या चुकीबद्दल पंधराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. त्यात मैत्रीभावनेचा क्रम दिलाय: आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर नि माया आहे तो, मग ज्याच्याशी घेणं ना देणं असा कुणी, आणि वैरी अगदी शेवटी. वैऱ्यापाशी मन अडलं तर मुकाट्याने मागच्या माणसाकडे परतायचं. वैरी नसेलच तर शोधायला जाऊ नये, असंही सांगितलंय! मी शेवटच्या पायरीवर पहिली उडी मारली होती.

स्वतःपासून सुरुवात करणं मला लाजिरवाणं वाटलं, खरं सांगतो. ते कसंबसं उरकलं. पण तिसऱ्या पायरीने मला धरलं. घेणं ना देणं असलेला माणूस म्हणून मी बसमध्ये रोज समोर बसणारा एक मफलरवाला निवडला. पन्नाशीचा असेल. तिकिटाची चारपदरी घडी करून तो ते घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवतो आणि उतरेपर्यंत दर दोन मिनिटांनी बोटाने चाचपून बघतो. बस्, एवढीच ओळख. महिनाभर रोज सकाळी त्याचं भलं चिंतलं, काही वाटलं नाही. मग एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढताच आधी त्याची जागा पाहिली आणि पोटात खड्डा पडला. ज्याचं नावही माहीत नाही त्याच्यासाठी! त्या दिवशी कळलं की महिनाभर काहीच होत नाहीये असं वाटत होतं, तेव्हाही काहीतरी होत होतं.

आता तुझ्या दगडाकडे येतो. मला वाटतं, तुझी करुणा आटलेली नाही. तू दोन वर्षं आईचं दुखणं स्वतःच्या अंगात मुरवून घेतोयस आणि त्याने थकलायस. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बुद्धघोष करुणेचे दोन शत्रू सांगतात. दूरचा शत्रू क्रौर्य, तो ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक, आणि तो करुणेसारखाच दिसतो म्हणून घरात शिरतो. आपल्या काळात ओल्गा क्लिमेकी आणि टानिया सिंगर या संशोधकांनी हेच प्रयोगाने तपासलं. लोकांना आधी दुसऱ्याच्या वेदनेशी समरस व्हायला शिकवलं आणि दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या. ते खचले. नंतर त्याच लोकांना मैत्री-करुणेचा सराव दिला, तेव्हा तशाच चित्रफिती पाहूनही ते सावरले. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागलेलेही त्यांना दिसले.

म्हणून तुला एकच करून बघ म्हणतो. आईची कूस बदलताना ‘हिला किती दुखत असेल’ या विचाराच्या मागे जाऊ नकोस. हात काम करतायत तेवढ्यात मनात म्हण, ‘तुला आराम पडो.’ मग स्वतःच्या पाठीला, ‘तुलाही.’ डोळे मिटायची गरज नाही. मिटल्यावर छातीत धडधडत असेल तर उघडेच ठेव आणि पायाखालची जमीन जाणवू दे. आणि तीन-तीन रात्री झोप नाही असं लिहिलंयस, त्यासाठी डॉक्टरकडे जा. ध्यान त्या जागी चालत नाही. याबाबतीत मी ऐकून घेणार नाही.

कृतज्ञतेचं म्हणशील तर, कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहायच्या वहीशी माझी भांडणंच होती. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा प्रयोग वाचून मीही लिहायला घेतलं. त्यांनी विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी पाचपर्यंत लिहायला सांगितल्या होत्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते जास्त समाधानी निघाले. मी मात्र रोज पाच लिहायचो: कुटुंब, तब्येत, नोकरी. पंधरवड्यात त्या वहीचं हजेरीपत्रक झालं.

मग नायकान हाती लागलं. जपानमध्ये योशिमोतो इशिन यांनी गेल्या शतकात घडवलेली ही आत्मपरीक्षणाची पद्धत. एक माणूस घ्यायचा, शक्यतो आईपासून सुरुवात, आणि तीन प्रश्न विचारायचे. याच्याकडून मला काय मिळालं? मी याला काय दिलं? मी याला काय त्रास दिला? ‘याने मला काय त्रास दिला’ हा चौथा प्रश्न मुद्दाम वगळलेला आहे. त्याचा अभ्यास आपला आधीच पक्का असतो. (ज्याला कुणी खरोखर छळलंय, त्याने छळणाऱ्याला घेऊन हे एकट्याने करू नये असं माझं मत आहे.)

वर्षभर इतरांवर हात बसवल्यावर मी दादाला घेतलं. पहिल्या प्रश्नाला पेन थांबलं. मग बाबांच्या कागदपत्रांतली एक छोटी वही आठवली, ती काढली. दवाखान्यातल्या रात्रींची. सतरा रात्री. सगळं दादाचं अक्षर, लाल पेन. ‘2:10 पाणी मागितलं.’ ‘3:40 डोळा लागला.’ ‘4:05 परत जागे, पाय चेपले.’ मी रोज सकाळी सातला झोप काढून जायचो आणि दिवसभर मीच सगळं करतो अशी माझी समजूत होती. रात्री कुणीतरी असतं हे माहीत होतं, मोजलं मात्र कधी नव्हतं. एका पानाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘6:30 तो आला की तोंड धुऊन येईन.’ त्या ‘तो’वर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो.

घराच्या बाबतीत दादा चुकला, हे माझं मत आजही तेच आहे. ज्ञानेश्वरांनी मागितलं ते ‘खळांची व्यंकटी सांडो’ असं. वाकडेपणा जावो, माणूस राहो. खळ म्हणण्याइतका दादा मोठा नाही, पण वाकडेपणा होता, आणि माझाही होता. मी फोन केला. चार मिनिटं बोललो, त्यातली तीन त्याच्या गुडघ्याबद्दल. ठेवताना तो म्हणाला, ‘बरं, ठेवतो.’ आता महिन्यातून एकदा होतो फोन. घराचा विषय अजून कुणी काढलेला नाही.

तुला जे जमेल ते कर, नाही जमलं तर राहू दे. गुरुवारी रात्री फोन करतो. आईपाशी असलास तर उचलू नकोस, मी परत करीन. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
तोच

ता. क. मफलरवाला बारा दिवसांनी आला. डावा हात प्लास्टरमध्ये. घड्याळ उजव्या मनगटावर, तिकीट पट्ट्याखालीच, पण चाचपायला दुसरा हात मोकळा नाही, म्हणून हनुवटीने बघत होता.