चूक सांगणाऱ्याची मजुरी कापू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या तुरीचा हंगाम तोंडावर आला आहे. जळगावच्या डाळ मिलमध्ये येत्या काही आठवड्यांत नवी माणसे कामावर लागतील, टोळ्या ठरतील, पाळ्या पडतील. अशाच एका मिलमध्ये मी १९ वर्षे सुपरवायझर म्हणून काम करतो आहे आणि माणसे कामाला लावण्याच्या आपल्या पद्धतीविषयी मनापासून काही सांगावेसे वाटते, म्हणून हे पत्र.

तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवतात. वाळवण कच्चे राहिले तर टरफल सुटत नाही, माल पुन्हापुन्हा रोलरमधून काढावा लागतो आणि डाळीऐवजी चुनीच, म्हणजे डाळीचा चुरा, वाढते. दोन वर्षांपूर्वी ढगाळ हवेत नेमके असेच घडले. आवारात तूर हलवणाऱ्या, पारोळ्याकडच्या एका मावशींनी संध्याकाळी दोन दाणे दाताखाली धरले आणि शेजारणीला म्हणाल्या, ‘‘आजून वली शे.’’ मी दहा पावलांवर उभा होतो, पण मला त्यांनी सांगितले नाही. रात्री माल रोलरवर चढला आणि सकाळी चुनीचा ढीग पाहून मालकांसह आम्ही सगळेच हबकलो.

मावशींना कारण विचारले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की, आदल्या वर्षी चाळणीची जाळी फाटल्याचे ज्या मुलाने आपणहून येऊन सांगितले, त्याचीच एका दिवसाची मजुरी कापली गेली होती. ते खरे होते. कपातीच्या वहीत त्या नोंदीखाली सही माझी होती.

माणसाच्या अंगचे कसब आणि त्याचा आपल्यावरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. मावशींची पारख आधीही होती, पण भीतीमुळे मिलला तिचा उपयोग नव्हता. आता वाळवणीवर त्यांचा शब्द अखेरचा असतो. जाळीची खबर देणारा मुलगा तेव्हा पोती शिवत असे. मोटारीचा आवाज बदलला की बेअरिंग जाणार हे त्याला आधी कळते, हे आम्ही विचारले तेव्हा समजले. त्याला आम्ही फिटरच्या हाताखाली दिले.

हा केवळ माझ्या मिलचा अनुभव नाही. अमेरिकेतील प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुकांची नोंद कमी असेल ही त्यांची अपेक्षा उलटी ठरली. तिथे नोंदी जास्त होत्या, कारण चूक उघडपणे बोलता येत होती. जपानच्या टोयोटा कारखान्यांत दोष दिसताच दोरी ओढून किंवा बटण दाबून इशारा देण्याची मुभा साध्या कामगाराला असते आणि दोष वेळेत दूर झाला नाही, तर सगळी ओळ थांबते.

पण एवढ्या दूर जायचीही गरज नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी काही शतके चालत आलेली फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून चालवलेली सिंचनाची व्यवस्था, आपलीच आहे. बंधाऱ्याचे पाणी शेतोशेती देण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकाची राखण जागल्याची. पाणी वेळेवर आणि न्यायाने मिळेल या भरवशावर शेतकरी आपले पीक पाटकऱ्याच्या हाती सोपवत आले. कोणाला काय जमते हे गावाला ठाऊक होते आणि जमणाऱ्याच्या कामात इतर जण हात घालत नसत.

अशाने शिस्त बिघडेल, असे काही मालक म्हणतील. जाणूनबुजून केलेल्या कामचुकारपणाला जाब विचारावाच. माझे म्हणणे फक्त आपणहून चूक सांगणाऱ्यापुरते आहे. त्याची मजुरी कापली की त्याचे तोंड बंद होतेच, शिवाय ते पाहणाऱ्या वीस जणांचेही होते. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पोते उचलायला लावण्याआधी, आजवर काय काय केले आहे, एवढे तरी विचारावे. त्याला पाच मिनिटे लागतात.

आमच्या मिलमधील कपातीची वही या हंगामापासून बंद करावी, असा लेखी अर्ज मी मालकांना दिला आहे. शेजारच्या मिलमधील सुपरवायझर बंधूंनीही तसा अर्ज द्यावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला नम्र,
डाळ मिलमधील एक सुपरवायझर, जळगाव