आरशासमोर मी कधीच अडखळले नाही

संपादक महोदय,

सकारात्मक स्वसंवादावरचा आपल्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. रोज सकाळी आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघून ‘मी आत्मविश्वासाने बोलते’ असं म्हणत जा, असा त्यात सल्ला आहे. हा प्रयोग मी आठ महिने, एकही दिवस न चुकवता केलेला आहे, म्हणून हे पत्र.

मी लहानपणापासून अडखळत बोलते. सगळ्यात अवघड शब्द म्हणजे माझं स्वतःचं नाव. ते ‘म’ने सुरू होतं. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. इतर शब्दांना पळवाट असते, ‘उद्या’ अडलं तर ‘सकाळी’ म्हणून वेळ मारून नेता येते. नावाला पळवाट नाही. फोनवर ‘कोण बोलतंय?’ असं विचारणारा माणूस दोनदा ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि फोन ठेवून देतो.

एका शिबिरात मला वाक्य मिळालं: ‘मी अस्खलित बोलते.’ आरशासमोर मी ते खरंच अस्खलित म्हणायचे. त्यात जादू काही नव्हती. अडखळणारी बहुतेक माणसं एकटी असताना, गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना अडखळत नाहीत, हे मला पुढे स्पीच थेरपिस्टकडून कळलं. तेव्हा मात्र वाटायचं, जमलं! तासाभराने ऑफिसच्या बैठकीत ओळख करून द्यायची पाळी आली की पुन्हा तोच ‘म’. वर सकाळचं ‘अस्खलित’ डोक्यात घण घालत असायचं. शिबिरातल्या प्रशिक्षकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘तुमचा विश्वास कमी पडतोय.’ माझा राग आहे तो या उत्तरावर. औषध लागू पडलं नाही, तर खापर रोग्याच्या माथी!

ज्यांच्यामुळे ही पद्धत जगभर गेली ते फ्रेंच औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) असं बोलत नव्हते. ‘रोज, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत चाललो आहे’ हे त्यांचं वाक्य. २० गाठी मारलेली दोरी हातात घ्यायची आणि सकाळी उठल्यावर, रात्री झोपताना एकेका गाठीला ते एकदा पुटपुटायचं. त्यातलं ‘होत चाललो’ नीट पाहा. ‘बरा झालो’ असं ते म्हणायला लावत नाहीत. शिवाय जोर लावू नका, असं ते बजावून सांगत. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली, तर कल्पनाच जिंकते, हा त्यांचा सिद्धान्त. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कोणीही चालत जाईल; तीच फळी उंच मनोऱ्यावर टाकली की पाय लटपटतात. माझे ओठ त्या मनोऱ्यावरच्या फळीवर असतात. ‘म’ म्हणायचाच, असं जितकं ठरवावं तितके ते घट्ट मिटतात.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना स्वतःशी म्हणायला लावलं होतं. ज्यांचं स्वतःविषयीचं मत मुळात चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं त्यांना आणखीच वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्यालाच उलटा परिणाम. हे वाचून मला माझे आठ महिने आठवले. मन काही भोळं नसतं, न पटणारं वाक्य ऐकलं की ते लगेच जुनी खातेवही उघडून बसतं.

स्वतःशी बोलणं मी सोडलेलं नाही, वाक्य बदललं आहे. ‘अडखळलीस तरी वाक्य पुरं कर.’ आणि दुसरं, निव्वळ कामाचं: ‘ओठ मिटले, की ढकलू नकोस, श्वास सोड आणि हलकेच सुरू कर.’ यात खोटं काही नाही, त्यामुळे मन वाद घालत नाही. दोन्ही वाक्यांत ‘मी’ नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतले संशोधक ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या अभ्यासात असं दिसलं, की ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलण्याऐवजी ‘तू’ म्हणून किंवा स्वतःच्या नावाने बोलणाऱ्यांना तो प्रसंग जास्त चांगला निभावता आला. मनाला ‘मना’ अशी हाक मारून समजावण्याची रीत मराठीला काही नवी नाही म्हणा. मी तर थेट नावानेच हाक मारते. मनातल्या मनात ते कधीच अडत नाही.

गेल्या बैठकीत नाव सांगायला मला चारेक सेकंद लागले. समोरच्या एका गृहस्थांनी मदत म्हणून ते माझ्याआधीच उच्चारलं. मी थांबले, श्वास सोडला आणि ते पुन्हा, माझ्या तोंडून सांगितलं. मग आकडे वाचायला घेतले.

आपली,
एक वाचक