बाबा, कोच वाईट नाहीये

एडमंटन, १४ मे २०१६

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, आधी तुझी काळजी मिटवते. टीव्हीवर दाखवतायत ती आग फोर्ट मॅकमरेची, आमच्यापासून चारशेहून जास्त किलोमीटर लांब. मी ठीक आहे. तिथल्या ८० हजारांवर लोकांना घरं सोडावी लागली, त्यातले बरेच इथे आलेत. ऑफिसात आम्ही चादरी, डायपर, टूथब्रश गोळा केले आणि नॉर्थलँड्सच्या केंद्रावर देऊन आलो. त्याला लागूनच रेक्सल प्लेस, आमच्या ऑइलर्सचं, म्हणजे इथल्या आइस हॉकी टीमचं स्टेडियम. ६ एप्रिलला तिथली शेवटची मॅच झाली, व्हँकुव्हरला ६-२ असं धुतलं. तिकीट खिशाला परवडणारं नव्हतं, टीव्हीवरच पाहिली.

बाबा, आता तुमचा मुद्दा, ऑइलर्सच्या कोचचा, टॉड मॅक्लेलनचा. "कोच एवढा चांगला म्हणतेस, मग टीम तळाला कशी?" असं विचारलंत आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईकडे दिलात. म्हणून लिहून भांडतेय.

एनएचएल म्हणजे इथली मोठी आइस हॉकी लीग, त्यातला आमचा पॅसिफिक गट सात टीमचा. ८२ मॅच, जिंकलं की दोन गुण, जादा वेळेत हरलं तर एक. यंदा ॲनाहाइम १०३, लॉस एंजेलिस १०२, सॅन होजे ९८, आणि मग एकदम खड्डा: ॲरिझोना ७८, कॅलगरी ७७, व्हँकुव्हर ७५, आम्ही ७०. शेजारच्या सेंट्रल गटातून पाच टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला गेल्या, आमच्यातून तीन. तिथे सातपैकी चार मॅच जिंकेल तो पुढे. त्यात सेंट्रलमध्ये चौथ्या आलेल्या नॅशव्हिलने आमच्या पहिल्या नंबरच्या ॲनाहाइमला त्यांच्याच घरात सातव्या मॅचला हरवलं. तेव्हा आमच्या गटातला पहिला नंबर म्हणजे गल्लीतला पहिला नंबर समजा.

त्या ॲनाहाइमचा कोच ब्रूस बूद्रो. पहिल्या दहा मॅचमध्ये एकच जिंकला होता. जो तो म्हणत होता, आता हाकलणार. तिथून त्याने टीम गटात पहिली आणली. आणि मग लागोपाठ चौथ्या वर्षी घरच्या मैदानावर सातवी मॅच हरला! दोन दिवसांत नारळ. पण दहा दिवसांच्या आत मिनेसोटाने त्याला उचललासुद्धा. ८२ मॅच काढायला मी त्याला डोळे झाकून घेईन. सातव्या मॅचला मात्र हात जोडून देवासमोर बसेन.

कॅलगरीच्या बॉब हार्टलीची गोष्ट तर तुम्हाला आवडेलच. गेल्या जूनमध्ये लीगचा सर्वोत्तम कोच, या ३ मेला घरी. अकरा महिन्यांत माणूस शहाण्याचा येडा होत नाही. गेल्या वर्षी त्याच्या पोरांनी तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये पिछाडीवरून मॅचेस खेचून आणल्या. मी तेव्हाच म्हटलं होतं की हे उसनं अवसान आहे, पण ऑफिसात ऐकतंय कोण. यंदा गोलकीपर वर्षभर गळत होते, मग कोचने काय दोऱ्या लावायच्या?

ॲरिझोनाचा डेव्ह टिपेट म्हणजे शिधा कमी, पंगत मोठी. जेवढं होतं तेवढं वाढलं बिचाऱ्याने. मला खरी भीती वाटते ती लॉस एंजेलिसच्या डॅरिल सटरची. लीगच्या विजेतेपदाचे दोन कप त्याच्या नावावर, २०१२ आणि २०१४. तो इथल्याच व्हायकिंग गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. सहा भाऊ एनएचएलमध्ये खेळलेत! यंदा सॅन होजेने त्याला पाच मॅचमध्ये गुंडाळलं ते सोडा.

आता आमचा टॉड मॅक्लेलन. सात वर्षं सॅन होजेला होता. तो गेला, पीटर डीबोअर आला, आणि परवा त्याच सॅन होजेने नॅशव्हिलला ५-० ने उडवलं. "बघ, कोच गेला आणि टीम सुधारली," तुम्ही म्हणणार. मान्य, हे मलाही टोचतं.

पण मी वरच्या स्वस्तातल्या रांगेत बसून बेंचकडे बघते. बर्फावर खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून पळतो आणि चालू खेळातच बदली होतो. मागून कोच पुढच्याच्या खांद्यावर थाप मारतो, तो कठड्यावरून उडी टाकतो. आमच्या पोरांची खोड अशी, की दमले तरी बाहेर यायचं नाव नाही, आणि गोल खायचा तेवढ्यातच. या मोसमात ते कमी झालं. गुणतक्त्यात ते दिसत नाही. कॉनर मॅकडेव्हिड, १९ वर्षांचं पोर, कॉलरबोन मोडून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर होता. त्याच्याशिवाय डिसेंबरमध्ये आम्ही सलग सहा मॅच जिंकलो. गट एवढा पोकळ, की तेवढ्यावर थेट वरच्यांच्या पाठीला लागलो. मग परत आपटलो, हो. बचावफळीच नाही आमच्याकडे, ती कोच कुठून आणणार?

२००९पासून इथला हा सहावा कोच. एकाला तर स्काइपवर काढलं. आपल्या भारताच्या हॉकी संघाचा कोच टेरी वॉल्श गेला आणि वर्षाच्या आत त्याच्या जागी आलेल्या व्हॅन आसलाही काढलं, तेव्हा पेपर आपटून तुम्हीच म्हणालात ना, "रोप उपटून मूळ धरलंय का बघतात!" खडकीच्या मैदानावर हॉकी खेळलेल्या माणसाला मी काय सांगणार. पण गुडघ्यासाठी वर्षात तीन डॉक्टर तुम्हीही बदललेत. या तिसऱ्याला तरी सहा महिने द्या, आणि त्याने सांगितलेले व्यायाम करा. आई, करतात का ते कळव.

उद्यापासून उपांत्य फेरी, सॅन होजे आणि सेंट लुईस. तुमच्याकडे सोमवारची पहाट असेल, बाबा तसेही पाचला उठतात. सॅन होजे आजवर एकदाही फायनलला गेलेलं नाही. मी त्यांच्या बाजूने की विरुद्ध, हे माझंच अजून ठरत नाहीये.

आई, लोणच्याच्या कैऱ्या आल्या का बाजारात? माझी बरणी बाजूला ठेव.

तुमची,
धाकटी