९० की ७५?

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी रोल धूत होते. हात ओले, आणि माणसांचे चेहरे काढायला तुझ्या लाइका एम६ला ९० मिमीची लेन्स घ्यावी की ७५ची, हा तुझा प्रश्न दोन वाक्यांत उरकण्यातला नाही. त्यातून तुझा कॅमेरा रेंजफाइंडर, लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून, व्ह्यूफाइंडरमधून, बघायचा. म्हणून हे पत्र.

५० मिमीच्या लेन्सने काढलेल्या चेहऱ्यांत नाकं मोठी येतात, म्हणून तुला टेलिफोटो, म्हणजे लांब लेन्स, हवी आहे. पण नाक लेन्समुळे फुगत नाही, तू जवळ गेल्यामुळे फुगतं. पन्नासने डोकं आणि खांदे चौकटीत भरायचे तर तू माणसापासून जेमतेम मीटरभरावर जातोस. ९० लावलीस की तेवढ्याच चित्रासाठी पावणेदोन मीटरवर उभं राहावं लागतं, आणि त्या मागे सरण्यानंच चेहरा निवळतो. तिथूनच पन्नासने काढून प्रिंट करताना मधला भाग मोठा केलास तरी नाक तसंच येईल, फक्त फिल्मचे दाणे ठळक दिसतील.

आता ७५. तुझ्या एम६मध्ये तिची फ्रेमलाइन, म्हणजे चित्राची हद्द दाखवणारी चौकट, ५०च्या चौकटीच्या आत, कोपऱ्यांतल्या तुटक रेघांसारखी दिसते. मला ती कधी नीट वापरता आली नाही. घाईत डोळा बाहेरचीच चौकट धरतो. शिवाय ५० हातात असताना ७५ म्हणजे फार तर दोन पावलांचा फरक. ७५ एफ १.४चं नाव तू काढलंस, त्यावर पुढे बोलूच. १३५ मात्र सोड. तिची चौकट तुझ्या व्ह्यूफाइंडरमध्ये इतकी बारीक असते की माणूस हसतोय की जांभई देतोय तेही कळू नये.

राहिली ९०. तिची चौकटही लहानच, पण सभोवतालचं दिसत राहतं. कोण चौकटीत शिरतंय ते आधीच कळतं आणि फोटो निघतो त्या क्षणी समोर अंधार होत नाही. उलट मागची पार्श्वभूमी किती विरघळेल, हे रेंजफाइंडरमध्ये कधीच दिसत नाही. सगळं कायम लख्ख. ते अंदाजानं शिकावं लागतं.

खरा पेच एफ २ घ्यायची की एफ २.८, हा आहे. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं. त्यासाठी तुझा कॅमेरा अंतर कसं मोजतो ते समजून घे. सुईत दोरा ओवताना एक डोळा झाकून बघ, हात चुकतो. दोन डोळ्यांत अंतर आहे म्हणून खोली कळते. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्या हे त्याचे दोन डोळे. त्यांच्यातलं अंतर हा पाया. तो एम६मध्ये साधारण ६९ मिमी, आणि व्ह्यूफाइंडर चित्र ०.७२ पट दाखवतो. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे कामाचा पाया, ५० मिमीच्या आसपास. तो जितका लांब, तितका फोकस अचूक. १९५४च्या एम३मध्ये चित्र ०.९१ पट दिसतं, म्हणून तिथे हाच पाया ६० मिमीच्या वर जातो. लाइकाने १३५ एफ २.८ काढली तेव्हा तिला चष्म्यासारखी भिंगं जोडून व्ह्यूफाइंडरचं चित्र दीडपट मोठं केलं, ते उगाच नाही. लांब लेन्स आणि मोठं अ‍ॅपर्चर एकत्र आलं की पाया पुरत नाही.

तुझ्या एम६ला ९० एफ २ किंवा ती ७५ एफ १.४ हिशेबानं झेपते. पण हिशेब कॅमेरा नीट जुळलेला आहे आणि समोरचा माणूस दगडासारखा बसलाय असं धरून असतो. मीटरभरावर ९० एफ २ला फोकस टिकतो तो जेमतेम सव्वा सेंटिमीटर. माणूस श्वास घेताना तेवढा हलतो. एफ ४ला तेच पावणेतीन सेंटिमीटर.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. तुझ्या आजोबांचे फोटो मी एका जुन्या ८५ एफ २ने, पूर्ण उघडी ठेवून काढले होते. कॅमेरा आखूड पायाचा. अख्खा रोल. धुतल्यावर निगेटिव्हवर भिंग ठेवून एकेक फ्रेम बघत गेले. कानावरचे पांढरे केस एकेक करून मोजावेत इतके स्वच्छ, आणि डोळे बाहुलीच्या डोळ्यांसारखे मंद. सोळाव्या फ्रेमनंतर मी भिंग खाली ठेवलं. पुन्हा तसे बसायला ते तयार झाले नाहीत, हे तुला ठाऊक आहेच.

त्यात दोष ८५चा नव्हता. १९५०मध्ये टोकियोत अमेरिकी छायाचित्र-पत्रकार डेव्हिड डग्लस डंकनने निकॉर ही जपानी ८५ एफ २ पाहिली आणि तो थेट तिच्या कारखान्यात जाऊन थडकला. जपानी लेन्सचं नाव बाहेर झालं ते तिथून. मनात भरलीच तर ती स्क्रू माउंटमध्ये, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायच्या प्रकारात, मिळते, पण हातात जड लागते.

माझं मत विचारशील तर ९० एफ २.८ घे. लाइकाची एल्मारिट चालेल, टेले-एल्मारिट आणखी सुटसुटीत. उजेडात काम करणार असशील तर जुनी एफ ४ची एल्मारही पुरते. तिचा आत ढकलला जाणारा प्रकार तर खिशात मावतो. फोक्टलेंडरची ९० एफ ३.५ स्क्रू माउंटची आहे. तिला अडॅप्टर लागेल, तो २८/९० लिहिलेलाच बघून घे, नाहीतर भलतीच फ्रेमलाइन उजळेल. आयएसओ ४००चा रोल घाल आणि शटर १/१२५च्या खाली उतरवू नकोस. हूड लावच.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघ. पुढच्या काचेवरचे बारीक ओरखडे खपतात. आतलं धुकं किंवा बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत कर.

आणि आणल्याबरोबर रोल घालू नकोस. तळाची प्लेट काढ, मागचं झाकण उघड, फिल्मच्या रुळांवर घासलेली काच ठेव, खरखरीत बाजू लेन्सकडे. शटर बीवर, म्हणजे दाबून धरलं असेतोवर उघडं राहील असं, आणि केबल रिलीज दाबून धर. मीटरभरावर तिरकी पट्टी ठेवून तिच्या मधल्या आकड्यावर रेंजफाइंडरने फोकस कर, मग काचेवर भिंगातून बघ कोणता आकडा सगळ्यात धारदार दिसतो. मधला सोडून दुसरा दिसला तर आधी मला फोन कर.

काच मी या पाकिटात घालते आहे. तिच्या कडा मी घासल्यात, पण एक कोपरा अजून बोचतो. रुळांवर जपून ठेव.

तुझी,
आई