यवतेश्वर घाटातल्या स्कूटरवाल्या काकांना

ती. काका यांना साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. पलटणीतून पेन्शनीत आलेले, दर सोमवारी यवतेश्वराच्या महादेवाला जाणारे, जुनी राखाडी स्कूटर, हँडलला अडकवलेली कापडी पिशवी. एवढ्या खुणांवर दुसऱ्या कुठल्या गावात माणूस सापडला असता. सातारा जिल्ह्यात मात्र फौजेतली माणसं घरोघरी. अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्या मुला-नातवंडांपैकी कुणाच्या वाचनात आलं, तर ते तुम्हाला वाचून दाखवतील.

मी नर्स आहे. साताऱ्याची सप्टेंबरातली २१ किलोमीटरची हिल मॅरेथॉन मला धावायची होती. नाव नोंदवलं होतं, टी-शर्ट आणि छातीवर लावायचा नंबरही घरी आला होता. पण पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूचे पेशंट वाढतात, वॉर्ड भरून वाहतो, आणि अशा वेळी कुणी ना कुणी ड्युटीवर असावंच लागतं. त्या रविवारी मी होते. त्याचं मला दुःख नाही. कामच तसं आहे. मनात मात्र पक्कं होतं की शर्यत गेली तरी अंतर सोडायचं नाही. शर्यतीचाच रस्ता, शर्यतीचंच अंतर, फक्त माझं मी धावायचं. रात्रपाळ्या संपून सुट्टी मिळाली ती नेमकी सोमवारी. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा रात्री लागल्या होत्या, म्हणजे तो दिवस गेला असता तर हे वर्षच गेलं असतं.

धावायचं वेड मला नर्सिंगच्या हॉस्टेलवर लागलं. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर ३,००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, फायनलला उतरली, तेव्हा आम्ही मुली एका मोबाइलभोवती दाटीवाटीनं बसलो होतो. ती दहावी आली. त्याआधी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिनं लागोपाठ तीन वर्षं पहिला नंबर काढला होता. दुष्काळी माणदेशातल्या मुलीनं जगातल्या पहिल्या दहांत यावं, हे बघितल्यावर मी दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून बाहेर पडले होते.

पण वेड असणं वेगळं आणि सराव असणं वेगळं. २१ किलोमीटरसाठी निदान दोन-तीन महिने आठवड्याची एक लांब धाव हळूहळू वाढवत न्यावी लागते. माझ्या पाळ्यांमध्ये ते बसलं नव्हतं. जमेल तेव्हा पोलीस परेड ग्राउंडला फेऱ्या, कधी ‘चार भिंती’ टेकडीपर्यंतचा चढ, एवढीच तयारी होती. त्यात झोपेची थकबाकी. झोप कमी झाली की हृदय आणि स्नायू बरंचसं काम नेहमीसारखं करतात, पण तेच काम जास्त जड वाटायला लागतं. नेहमीचा वेग त्या दिवशी दुप्पट कष्टाचा वाटतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या पहाटे पायांतून कळत होतं.

ज्यांना रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं. राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे आलं की शहर मागे पडतं आणि यवतेश्वराचा घाट सुरू होतो. हाच रस्ता पुढे कासच्या पठारावर जातो. त्या दिवसांत पठारावर फुलं असतात, म्हणून सोमवार असूनही गाड्या होत्याच. शर्यतीच्या दिवशी रस्ता धावणाऱ्यांचा असतो, दुतर्फा माणसं उभी राहतात, ढोल-ताशे वाजतात, पाण्याची टेबलं असतात. एकटं धावताना यातलं काही नसतं. हाताला बांधलेला मोबाइल, कमरेला पाण्याची छोटी बाटली, आणि धुकं.

घाटाच्या पहिल्याच चढाला तुम्ही मागून आलात. स्कूटर हळू केलीत, माझ्या बरोबरीनं थोडं चाललात आणि म्हणालात, “दमानं घे पोरी. इथंच समदं खर्ची घातलंस तर वर काय करशील?”

अनोळखी माणूस स्कूटर हळू करतो तेव्हा बाई माणसाच्या पोटात आधी गोळा येतो. माझ्याही आला. तो तुमच्या लक्षात आला असावा. कारण तुम्ही लगेच स्कूटर पुढे काढलीत, चांगलं अंतर ठेवून थांबलात आणि तिथूनच हात दाखवून सांगितलंत, “वळणावर चालायचं, सरळीवर पळायचं. आमचा उस्ताद असंच न्यायचा आम्हाला.” आणि निघून गेलात. अंतर ठेवून बोलण्यातलं तुमचं ते शहाणपण मी विसरणार नाही.

वळणावर चाल, सरळीवर पळ. काका, या एका वाक्यावर मी तो घाट चढले. धावता-चालता जाण्याची ही रीत जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकेचा ऑलिंपिक धावपटू १९७० च्या दशकापासून लोकांना शिकवत आला. त्यातली मेख अशी की पाय थकल्यावर चालायचं नसतं, थकायच्या आधी चालायचं असतं. नाडी फार चढत नाही, मांडीतला साखरेचा साठा लवकर संपत नाही. पण गॅलोवेची रीत घड्याळावर चालते. इतके सेकंद पळा, इतके चाला. तुमच्या रीतीत घड्याळच नव्हतं; घाटाची वळणंच घड्याळ झाली. पेंगुळलेल्या डोक्याला सेकंद मोजता येत नाहीत, वळण मात्र दिसतं. पुढचं वळण येईपर्यंत पळायचं, एवढंच ध्यानात ठेवायचं होतं.

वरच्या सपाटीवर वारा होता आणि बारीक पाऊस. शर्यत जिथून मागे फिरते तिथून मी मागे वळले, तोवर ठीक होते. वळल्यावर वारा समोरून आला, घामानं ओली झालेली पाठ गार पडली, आणि पाय एकाएकी माझे राहिले नाहीत. यवतेश्वरापाशी पोचेपर्यंत दात वाजत होते. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि डोळे मिटायला लागले.

तुम्ही दर्शन करून निघाला होता. स्कूटर स्टँडवर लावलीत, आणि जवळ येऊन जे विचारलंत ते मला शब्दन् शब्द आठवतं. “चक्कर येतीया? छातीत दुखतंय? डावा हात जड पडलाय? उलटी होतीया? सकाळपासनं लघवीला गेलीस का?” मी प्रत्येकाचं उत्तर दिलं. मग म्हणालात, “आजची तारीख सांग.” मी सांगितली.

काका, हे प्रश्न मी रोज दुसऱ्यांना विचारते. मला कुणी ते इतक्या नीट क्रमानं विचारतील असं वाटलं नव्हतं. बहुतेक लोकांनी एक तर “जमेल, जमेल, उठ” म्हटलं असतं, नाहीतर “कशाला हा उद्योग, घरी जा.” दोन्हींत समोरच्या माणसाकडे बघितलेलंच नसतं. तुम्ही आधी बघितलंत. छातीत दुखत असतं, जीभ अडखळत असती, तारीख चुकली असती, तर तुम्ही मला एक पाऊल टाकू दिलं नसतंत, हे तुमच्या तोंडावर दिसत होतं. उत्तरं ऐकून झाल्यावरच म्हणालात, “मग हे दुखणं न्हाय. हा शीण हाय. शिणाला बसवायचं नसतं, चालवत न्यायचं असतं.”

पिशवीतून तुम्ही गूळ-शेंगदाणे काढलेत, प्रसादाचं खोबरं काढलंत. शेजारच्या टपरीवरच्या मावशींना लिंबू, साखर आणि “चिमूटभर जास्तीचं मीठ” घालून पाणी करायला सांगितलंत. नुसतं पाणी ढोसून लांब धावलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं असतं; पुष्कळ धावणाऱ्यांना हे माहीत नसतं, तुम्हाला माहीत होतं. मी घोट घोट पीत असताना तुम्ही डिकीतला रेनकोट काढून माझ्या खांद्यावर टाकलात. मावशींनी पैसे घेतले नाहीत. त्यांचेही आभार इथेच मानते.

दात वाजायचे थांबले तसं तुम्ही विचारलंत, “किती पळायचं असतं यात?” मी म्हटलं, २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. “वरचे ९७ कशापायी?” म्हणून मी तुम्हाला सांगितलं की पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि ही तिच्या निम्मी. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत ठेवली, तेवढं भरलं ते हे अंतर. पुढे १९२१ साली तेच कायम झालं. तुम्ही मोठ्यानं हसलात. “म्हंजी राजाच्या खुर्चीपायी तू ९७ मीटर जास्ती पळणार!” त्या हसण्यानं माझी झोप उडाली. मी उठून उभी राहिले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

घाट उतरताना धुकं इतकं दाटलं की पुढचं वळण दिसेना. कासहून परतणाऱ्या आणि कासला निघालेल्या, दोन्ही बाजूंच्या गाड्या होत्या. तुमची स्कूटर तिथेच होती. “बस मागं, सोडतो खाली” हे वाक्य किती सोपं होतं! मी बहुधा बसलेही असते. तुम्ही ते म्हणाला नाहीत. रेनकोट परत घेतलात, हेडलाइट लावलात आणि म्हणालात, “डाव्या कडंनं चल. बारकी पावलं टाक, टाचेवर ब्रेक मारू नको. मी मागं हाय.”

आणि खरंच अख्खा घाट तुम्ही माझ्या मागे होतात. स्कूटर एवढ्या हळू चालवणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. दर थोड्या वेळानं तुमचे दोन्ही पाय रस्त्यावर टेकत असल्याचा आवाज येई, चपला डांबरावर घासायच्या. दिव्याचा पिवळा पट्टा माझ्या पायांपुढे पडलेला असे. वळण आलं की तुम्ही दोनदा हॉर्न वाजवायचात, आणि मी न सांगता चालायला लागायचे. वळण सरलं की पळायला. एका गाडीवाल्यानं मागून घाई केली तेव्हा तुम्ही हात आडवा धरून त्याला थांबवलंत, मी कडेला सरेपर्यंत. एक शब्द बोलला नाहीत.

उतार सोपा वाटतो पण मांड्या खऱ्या पिळवटतात त्या उतारावरच, कारण स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार आवरून धरावा लागतो. बारक्या पावलांनी माझे गुडघे वाचले. पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला, पण ते चालायचंच.

मला माझ्या कामामुळे ठाऊक आहे की मदत करणाऱ्याचा हात फार लवकर पुढे होतो. पेशंट ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठतो तेव्हा त्याला उचलून घ्यावंसं वाटतं. न उचलता, पडला तर धरता येईल एवढ्या अंतरावर उभं राहायला वर्षं लागतात शिकायला. तुम्ही घाटभर तेच केलंत. धाव माझी राहू दिलीत आणि जीवही सांभाळलात.

समर्थ मंदिरापाशी दिवे दिसायला लागले, धुकं सरलं. तुम्ही बरोबरीला आलात. म्हणालात, “आता तुझी तू जाशील.” मी थांबायला लागले तर “थांबू नको, थांबू नको” म्हणून हातानंच पुढे जायला सांगितलंत आणि गल्लीत वळलात. म्हणून नाव विचारायचं राहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही बघायला नव्हता. शहरातली गर्दी सुरू झाली होती, शाळेच्या रिक्षा, दुधाच्या गाड्या. पोवई नाक्यापर्यंत आले. मोबाइलवर अजून थोडं अंतर बाकी दिसत होतं, म्हणून परेड ग्राउंडला वळसा घातला. तिथे फिरायला आलेल्या आजींनी “काय गं, अजून किती?” विचारलं. मी म्हटलं, ९७ मीटर. राजाच्या खुर्चीचे ते ९७ मीटर मी न चालता, सलग पळत काढले.

काका, परवाच्या सोमवारी मला सुट्टी आहे. सकाळी यवतेश्वराला मावशींच्या टपरीवर असेन, कंदी पेढे घेऊन. तुमच्या रेनकोटाच्या खिशात माझा निळा हातरुमाल राहिलाय; तो राहू द्या. पण तुम्ही या.

तुमची,
वळणावर चालणारी, सरळीवर पळणारी
नर्स