आप्पा, आपला माल चांगलाच होता

डिचोली, 10 मार्च

ती. आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर सांगायला घेतलं होतं, पण आई मध्येच म्हणाली, आज पुन्हा यांनी गोळी चुकवली, आणि माझं सांगायचं राहिलं. खरं तर धीरच झाला नाही. म्हणून लिहायला बसले. आई, तू आधी मनात वाच, मग आप्पांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते कबूल करणार नाहीत.

बेदाण्याला या वर्षी माझं येणं होणार नाही. शेडवर माणसं कमी आहेत, निवडायला बायका मिळत नाहीत, सगळं ठाऊक आहे. पण मी इथे शनिवार-रविवारचं एक काम धरलंय, 1 तारखेपासून जातेय. एका लहानशा वायनरीत, म्हणजे वाइन करतात तिथे. पाहुणे येतात, त्यांना ती दाखवायची, द्राक्षाबद्दल सांगायचं, चव घ्यायला लावायची. तुम्हाला विचारायला म्हणून लिहीत नाही, ठरलं आहे. पण तुमच्यापासून लपवून मला एक दिवसही करवणार नाही.

हा शब्द आपल्या घरात कसा ऐकला जातो ते मला कळतं. वाइनच्या द्राक्षाच्या त्या दीड एकरानंतर आईच्या तोंडून तो मी एकदाही ऐकला नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नागपूरचे पाहुणे उतरले होते. नवरा-बायको, तिचे आई-वडील आणि एकोणीस वर्षांचा मुलगा. समुद्र, देवळं, चर्च सगळं बघून झालं, मग ते म्हणाले, वाइन कशी करतात ते बघायचंय, कारखाना नको, घरगुती असेल तर बघू. संदेशला बार्देशातले एक गृहस्थ माहीत होते. आयुष्यभर बोटीवर काढलेले, इथे अशांना तारवटी म्हणतात. निवृत्त झाल्यावर जुन्या घरामागच्या गोठ्यात त्यांनी स्टीलच्या चार टाक्या बसवल्या. सगळा व्याप तेवढाच. संदेशला गाडीचं भाडं होतं, म्हणून पाहुण्यांबरोबर मी गेले.

आप्पा, मनात शंका नको म्हणून आधी हे सांगते. तिथे गुत्त्यासारखं काही नाही. दुपारी चारला सुरू होतं, साडेसहाला आवरतं. ग्लासात दोन बोटं ओततात, पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग बघतात, वास घेतात, मग घोट. मध्ये पावाचा तुकडा, म्हणजे जिभेवरची आधीची चव जाते. मालकांनी त्या मुलाला वय विचारलं आणि कोकम सरबत दिलं. मुलगा जरा फुरंगटला, पण त्यांनी ऐकलं नाही. नागपूरच्या आजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती, अगदी तुमच्यासारखी. त्या घराच्या बाईंनी ती बघितली, काही न बोलता आजींना आत ओसरीवर नेऊन बसवलं आणि स्टीलचा पेला दोनदा घासून त्यात चहा दिला. निघेपर्यंत दोघी लोणच्यावर बोलत होत्या. एकीची कोकणी, एकीची वऱ्हाडी. तेव्हाच मला ते घर आपलं वाटलं.

आणि मी काय करते, तेही लिहिते. पहिल्या दिवशी एक घोट घेतला आणि गिळला. आता चव घेते आणि शेजारच्या भांड्यात टाकते, हे काम करणाऱ्यांची रीतच तशी आहे. घरी बाटली आणत नाही, आणणारही नाही. आई, तू मला जे म्हणून वाढवलंस ती मी आहे अजून.

तर पाहुण्यांनी विचारलं, गोव्यात द्राक्षं होतात का? मालक म्हणाले, नाही, पाऊस फार. एवढंच बोलून ते थांबले, आणि मी बोलायला लागले. आपल्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस इथे नुसत्या जून-जुलैत पडतो, वर्षाचा हिशेब 3000 मिलिमीटरच्या आसपास जातो. पान ओलं राहिलं की डाऊनी रोग आलाच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग त्या काडीवर डोळ्यात घड तयार होतो, ऑक्टोबरच्या छाटणीला तो बाहेर पडतो, हे सगळं सांगितलं. खायच्या द्राक्षाला आपण जीए, म्हणजे वाढीचं औषध, देऊन मणी फुगवतो आणि वाइनच्या द्राक्षाला मणी बारीकच लागतो, कारण रंग सालीत असतो, रस तर पांढराच निघतो, हेही. ते कुणी शिकवलं होतं मला, आप्पा? तुम्हीच. बांधावर बसून मणी चिरडून दाखवला होतात. पाहुणे उभ्याउभ्या ऐकत राहिले. लग्न होऊन इथे आल्यापासून मला द्राक्षाबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि माझ्यात हे इतकं साठलंय हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्याच सकाळी माल आला होता. पलूसकडचा शिराझ, रात्रीतून आंबोलीमार्गे उतरलेला. क्रेट उघडल्यावर देठाचा तो हिरवा वास आला आणि माझ्या पोटात कालवलं. मालकांनी एक मणी चिरडला, रसाचा थेंब गोडी मोजायच्या यंत्राच्या काचेवर टाकला आणि ते माझ्या हातात दिलं. तीच दुर्बिणीसारखी नळी. मी ती उजेडाकडे धरली. वर निळं, खाली पांढरं. मी पाच वर्षांची असताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन विचारायचात, "निळं कुठवर आलंय गं, छबे?" मला आकडे वाचता यायचे नाहीत, मी बोटाने हवेत दाखवायची, आणि तरी तुम्ही वहीत लिहायचात, जणू मी सांगितलेलंच खरं. त्या दिवशी मी मोठ्याने वाचलं, साडेतेवीस. मालक म्हणाले, 22 ते 24 ब्रिक्स, म्हणजे गोडी, असली की झालं आमचं काम.

आप्पा, आता जरा शांतपणे ऐका. आई, इथे थांबून त्यांना पाणी दे.

वहीत 2009 च्या पानावर 23 लिहिलंय. तुमच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून. मी ते पान कितीदा बघितलंय. माल घेणाऱ्या त्या लोकांनी गोडी बसली नाही म्हणून गाडी परत लावली, आणि तुम्ही आजवर धरून चाललात की आपलंच चुकलं, पाणी तोडायला आठ दिवस उशीर झाला. मी नाव न घेता या गृहस्थांना विचारलं, 23 ला माल परत पाठवतात का? ते म्हणाले, टाकीत जागा नसली की पाठवतात. पुढे बराच वेळ बोलत होते. 2008 च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, खप घसरला, आधीची वाइनच टाक्यांत पडून होती, नवा माल घालायचा कुठे? मग काहीतरी खोट काढायची. आपल्या भागात तेव्हा कितीजणांनी वाइनच्या बागा उपटल्या, तुम्ही एकटे नव्हतात. चूक गोडीची नव्हती आणि तुमचीही नव्हती. आपला माल चांगला होता. हे मला तुमच्या समोर बसून सांगायचं होतं, पण समोर बसले की मी रडेन आणि तुम्ही उठून गोठ्याकडे जाल.

मामाचे पैसे, आईच्या पाटल्या, यातलं काही परत येत नाही, मला कळतं. मी त्या लोकांच्या पंगतीला जाऊन बसले असं मात्र मनात आणू नका. हे गृहस्थ शेतकऱ्याला गाडी भरतानाच रोख देतात. मी पहिल्याच दिवशी तेवढं विचारून घेतलं, पगाराचं नंतर.

पगार बरा आहे. पावसात आमच्या खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा उपयोगी पडेल. आई, संदेश सोडायला येतो, येताना मी सातच्या आत घरी असते, रस्त्याला दिवे आहेत. सासूबाईंना सगळं ठाऊक आहे, शनिवारचा स्वयंपाक त्याच करतात. जेवणाची काळजी करू नकोस. भात सोसतो आता मला, आणि ज्वारीचं पीठ संदेश शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून आणतो. तुझ्या भाकरीसारखी होत नाही, पण फुगते.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. मोतीबिंदू अजून पुढे ढकलायचा नाही. पाडवा झाला की पहिल्या सोमवारी मिरजेला जायचं, दादाने गाडी सांगितली आहे. मी आठ दिवस येतेय, मालकांना आधीच सांगून ठेवलंय. तोवर आप्पांनी द्राक्षाच्या मांडवाखाली एकट्याने जायचं नाही. फवारणीला तर नाहीच, मास्क लावूनही नाही, तो खोकला काही साधा नाही. बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी, डबीवर वार लिहून पाठवलेत, त्यातूनच. आई, तू शेडवर मांडी घालून निवडायला बसू नकोस, खुर्ची घे, गुडघा तुझाच आहे. कुणी हसलं तर हसू दे.

रागावलं असाल तर रागवा, पण फोन उचला. आप्पा, तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत तरी मी तिसऱ्या दिवशी करणारच.

डोळा बरा झाला की दोघं इकडे या. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जाऊ, महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं देऊळ, घरापासून लांब नाही. वायनरीत तुम्ही यावं असं मी म्हणणार नाही. बाहेर अंगणात बसलात तरी चालेल. वाटलंच तर.

तुमची,
छबी

ता. क. आई, मेथीचे लाडू पाठवू नकोस, वाटेत चुरा होतो. कुरडया पाठव. आणि ती वही कपाटाच्या वरच्या खणात आहे तिथेच असू दे, रद्दीत जाऊ देऊ नकोस.