तसबिरीची खालची पट्टी कापू देऊ नका

संपादक महोदय,

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत जुन्या तसबिरी खाली उतरतात आणि ‘नवी फ्रेम करून घेऊ’ म्हणून दुकानात जातात. आमचीही गेली. म्हणून हे पत्र.

साताऱ्याच्या घरात आजीची लक्ष्मी होती. कमळावर उभी, शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती. रविवर्म्याच्या चित्राचा छापा. आजीने लुगड्याच्या काठावर स्वतःच्या हाताने जर आणि टिकल्या चिकटवल्या होत्या. भावाने ती फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने नव्या फ्रेमच्या मापात बसावी म्हणून खालची पांढरी पट्टी उडवली आणि चित्र प्लायवूडवर गोंदाने सपाट चिकटवून दिलं. वर ‘एकदम नवं दिसतंय’ अशी पावतीही!

त्या पट्टीवर इंग्रजीत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलेलं होतं. छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्मा १९०६ साली गेले, तरी छपाई पुढे कित्येक वर्षं चालू राहिली. त्यामुळे छापा कुठला, साधारण कोणत्या काळातला, हे सांगणारा घरातला पुरावा म्हणजे तीच पट्टी. १९७२ साली छापखान्याला आग लागून तिथलं बरंच नष्ट झालं, हे कळल्यावर तर फारच चुटपुट लागली.

जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना चित्र दाखवलं. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. हल्लीच्या छपाईत सारखे ठिपके ओळीने दिसतात. इथे लक्ष्मीच्या गालावर वाळू भुरभुरल्यासारखे वेडेवाकडे कण होते. दगडावरची छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. किमतीचं विचारलं तेव्हा त्या हसल्या. लिलावाच्या बातम्यांतले कोटींचे आकडे तैलचित्रांचे असतात, छाप्यांचे नव्हेत. पण भाऊ ज्या टिकल्या ‘काढून टाका’ म्हणत होता, त्यांच्यासाठीच काही संग्राहक असे छापे शोधत येतात म्हणे.

पिवळी झाक मळाची नसते, बहुधा वरच्या वार्निशची असते. ओलं फडकं लावायचं नाही. काच कागदाला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. मागे जुनी फळी असेल तर ती काढून आम्लरहित पुठ्ठा घालायचा, कारण लाकडातलं आम्ल उतरून कागद तपकिरी आणि ठिसूळ होतो. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळायची. कसर तिथेच लागते. आणि समईच्या डोक्यावर तर नकोच. (आमची पन्नास वर्षं तिथेच होती.)

प्लायवूडवरून चित्र सोडवता येईल, पण वेळ लागेल आणि खात्री नाही, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. पट्टी मागायला फ्रेमवाल्याकडे गेले, तर ती केव्हाच केरात गेली होती. टेबलाच्या फटीतून त्याने दोन टिकल्या मात्र शोधून दिल्या. त्या मी पाकिटात घालून चित्रामागे ठेवल्या आहेत.

— एक वाचक, सातारा